अकरा कोर्स, पूर्ण एकही नाही

ताई, नमस्कार.

मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी करते. वय ३६, कॉमर्सची पदवी. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी डेटा अ‍ॅनालिसिस आलं तेव्हा मीही ऑनलाइन कोर्स शोधू लागले. जगातल्या नामांकित विद्यापीठांचे कोर्स घरबसल्या, तेही फुकट! हरखूनच गेले. पायथन, स्टॅटिस्टिक्स, एक्सेल, मशीन लर्निंग, आणि हौस म्हणून प्राचीन ग्रीसचा इतिहास. आज माझ्या खात्यावर अकरा कोर्स आहेत आणि पूर्ण केलेला एकही नाही.

दर वेळी तेच होतं. पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ मन लावून बघते, टिपणं काढते. दुसऱ्या आठवड्यात एखादी असाइनमेंट अडते. तिसऱ्यात ऑफिसात महिनाअखेरीची धावपळ. मग 'तुम्ही मागे पडला आहात' असे ईमेल येत राहतात आणि ते उघडायचीही लाज वाटते. त्यात प्राध्यापकांचं इंग्रजी भरभर असतं. वाचताना अडत नाही, ऐकताना सुटतं. आता तर घरात विचारतात, 'नवीन अ‍ॅडमिशन कधी?'

माझे तीन प्रश्न आहेत. माझ्यातच चिकाटी कमी आहे का? कॉलेजात तर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. दुसरं, एका कोर्सचे पैसे भरून प्रमाणपत्र घ्यावं का? पैसे गेले की अभ्यास होईल असं वाटतं. पण त्या प्रमाणपत्राला काही किंमत असते का? आणि तिसरं, धाकटा भाऊ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला दोन विषयांत नापास झाला आहे. तो म्हणतो, कॉलेज सोडतो आणि घरी बसून जगातल्या उत्तमोत्तम प्राध्यापकांकडून शिकतो. आईबाबा मला विचारतात, 'तुला त्यातलं कळतं, तू सांग.' काय सांगू?

— अकरा कोर्सवाली

*

प्रिय अकरा कोर्सवाली,

तुमच्यात काहीही कमी नाही, असं मी नुसतं म्हटलं तर ती समजूत काढणं वाटेल. म्हणून आधी थोडे आकडे.

२०१२ मध्ये एमआयटीने सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स हा आपला कोर्स सगळ्या जगाला फुकट खुला केला. एडएक्स या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संस्थेची सुरुवातच त्या कोर्सने झाली. नावं नोंदवली सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी. पहिल्या असाइनमेंटमध्ये निदान एक गुण मिळवला सुमारे २६ हजारांनी. शेवटी प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. पुढच्या वर्षांत हे सुधारलं असं समजू नका. हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सचा २०१२ ते २०१८ असा सगळा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात शेवटच्या वर्षी कोर्स पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के निघाले.

यावर लगेच कुणी म्हणेल की नाव नोंदवणाऱ्यांत निम्मे नुसते डोकावायला आलेले असतात, त्यांना कशाला मोजता? रास्त आहे. म्हणून हार्वर्डच्या कोर्सना आलेल्या लोकांना सुरुवातीलाच विचारून पाहिलं गेलं, तुमचा इरादा काय? 'पूर्ण करायचाच आहे' असं सांगणाऱ्यांतले किती जण प्रमाणपत्रापर्यंत पोचले? २२ टक्के. म्हणजे ठरवून बसलेल्या पाचांतले चौघं तुमच्यासारखेच मधे कुठेतरी गळले. इतकी माणसं एकाच वाटेवर गळत असतील तर त्या प्रत्येकाच्या चिकाटीचा पंचनामा करण्यापेक्षा ती वाटच तपासून बघावी.

एमआयटीच्या त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. सगळ्यात मोठी गळती कुठे आहे? शेवटच्या परीक्षेत नाही. पहिल्या असाइनमेंटच्या दारातच सव्वा लाखाहून जास्त माणसं थांबली. आणि जे ते दार ओलांडून आत गेले, त्यांच्यातले चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक शेवटपर्यंत टिकले. तुम्ही स्वतः लिहिलं आहे, दुसऱ्या आठवड्यात असाइनमेंट अडते. महिनाअखेर बिचारी नंतर येते. दोष मात्र तिला जातो.

कॉलेजात तुमची असाइनमेंट अडायची नाही का? अडत असणारच. पण तिथे शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं. तासानंतर सरांना गाठता यायचं. तारीख टळली तर कुणीतरी विचारणारं होतं, आणि वर्गात चार जणांचं अडलंय हे दिसलं की आपलं अडलेलं फार मनाला लागायचं नाही. हे सगळं शिकवण्याचाच भाग होतं. ऑनलाइन कोर्स करताना त्यातलं व्याख्यान तेवढं उचललं गेलं, कारण कॅमेऱ्यात मावणारी गोष्ट तेवढीच होती. बाकीचं तुमच्यावर सोडलं, आणि ते तुमच्यावर सोडलंय हे सांगितलं मात्र नाही.

खरं तर या कोर्सची पहिली कल्पना अशी नव्हती. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातून जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स चालवला. फी भरलेले विद्यार्थी २५, आणि त्यांच्या जोडीला जगभरातून फुकट सामील झालेले दोन हजारांवर लोक. अशा हजारोंना खुल्या ऑनलाइन कोर्सना 'मूक' (इंग्रजी आद्याक्षरांवरून, MOOC) हे नाव त्याच कोर्सवरून पडलं. तिथे सगळा भर होता तो शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यावर. पुढे २०११ च्या अखेरीस स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला दीड लाखाहून जास्त नावं आली आणि सगळ्यांचे डोळे दिपले. काही महिन्यांत थ्रुन यांची स्वतःची युडॅसिटी, शिवाय कोर्सेरा आणि एडएक्स अशा ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांनी उच्च शिक्षण देणाऱ्या जगात दहाच संस्था उरतील, असं भाकीत थ्रुन यांनी केलं. लाखोंना एकदम शिकवायचं म्हटल्यावर बोलणं मागे पडलं आणि व्हिडिओ पुढे आला.

म्हणून मी तुम्हाला 'वेळापत्रक आखा' असं सांगणार नाही. तो सल्ला तुम्हाला आधीच दहा जणांनी दिला असेल. तो तपासूनही झाला आहे. सुमारे अडीचशे कोर्स आणि अडीच लाख शिकणारे घेऊन, सुरुवातीलाच त्यांच्याकडून अभ्यासाचं नियोजन लिहून घेतलं तर काय होतं, हे पाहिलं गेलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या काही आठवड्यांत हुरूप वाढतो, पण कोर्स पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येत फरक पडत नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

त्यापेक्षा असं करा. अकरांतले दहा कोर्स खात्यावरून काढून टाका. ग्रीसचा हवा तर ठेवा, पण तो 'करायचा' म्हणून नाही. जेवणानंतर एखादं व्याख्यान ऐकावं तसा ऐका, कंटाळा आला की बंद करा. लायब्ररीतून आणलेलं पुस्तक चाळून परत केलं म्हणून कुणी नापास होत नाही, आणि त्यातलं जे डोक्यात राहिलं ते आपलंच असतं. या कोर्सचा मोठा गुण खरं तर तोच आहे, आणि टक्केवारीच्या नादात आपण तो विसरतो. हवं तेवढं घ्यावं आणि उठावं, अशी सोय विद्यापीठात पूर्वी कधीच नव्हती.

उरलेला एक कोर्स मात्र उलटा करायचा. आधी असाइनमेंट उघडायची, मग व्हिडिओ. प्रश्न वाचा, जमेल तेवढं करा, कुठे अडतंय ते एका ओळीत लिहा. मग तेवढ्यासाठीच व्हिडिओ लावा. सध्या तुम्ही व्हिडिओ बघून टिपणं काढता आणि त्याला अभ्यास म्हणता. समाधान भरपूर मिळतं, हाती फार लागत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी मानसशास्त्राच्या अशाच एका मोठ्या कोर्सची २०१५ मध्ये छाननी केली, तेव्हा सराव सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध व्हिडिओ बघण्याच्या किंवा वाचण्याच्या मानाने सहापट निघाला. शिवाय एडएक्सवरच्या लाखो नोंदी तपासल्यावर दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं सरासरी सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. वीस मिनिटांच्या व्हिडिओत तुमचं मन भरकटतं त्याला तुम्ही आळस म्हणत असाल, तर तो जगभर आहे.

स्टॅटिस्टिक्सचाच कोर्स ठेवलात तर माझ्या मते उत्तम. मशीन लर्निंगची घाई नको. पाया नसताना तो कोर्स म्हणजे नुसती कोडच्या ओळींची नक्कल होते. प्रत्येक धड्याचं उदाहरण तुमच्या अकाउंट्समधून घ्या. कोणते ग्राहक सतत उशिरा पैसे देतात? महिनाअखेरीच्या चुका ठरावीक प्रकारच्याच नोंदींत होतात का? अशा प्रश्नाची आकडेवारी तुम्हाला रोज दिसते. ग्राहकांची नावं आणि ओळखीचे तपशील काढून टाका, साहेबांची रीतसर परवानगी घ्या आणि त्यावर शिकलेलं लावून बघा. कोर्समधली तयार उदाहरणं फार गुळगुळीत असतात. खऱ्या आकडेवारीत रिकाम्या जागा असतात, तारखा तीन तऱ्हांनी लिहिलेल्या असतात. त्या नीट करताना जे शिकाल ते कुठल्याही व्हिडिओत नाही. आणि महिनाअखेर ही अभ्यासाची वैरीण राहणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं काम बघणारं एक माणूस शोधा. ऑफिसातली मैत्रीण, जुना वर्गमित्र, कुणीही. त्याला विषय येत नसला तरी चालेल. आठवड्यातून एकदा त्याला तुम्ही सोडवलेली एक गोष्ट दाखवायची आणि समजावून सांगायची. एवढंच. कोर्सच्या चर्चामंचावर विसंबून राहू नका. प्रत्येकाने आपल्या गतीने करायचा असा कोर्स असेल तर त्या मंचावर बहुधा जुन्या प्रश्नांची गर्दी असते आणि उत्तर द्यायला कुणी जागेवर नसतं. शिकणाऱ्यांनीच एकमेकांची असाइनमेंट तपासायची पद्धतही काही ठिकाणी असते. तिथे 'छान' एवढाच शेरा मिळाला तर नवल वाटून घेऊ नका. समोरच्यालाही आपलं काम उरकायचं असतं. शक्यतो सुरुवातीची आणि शेवटची तारीख ठरलेला कोर्स निवडा, म्हणजे निदान तुमच्याच टप्प्यावर अडलेले चार लोक तिथे सापडतील.

अडलं की एआयला विचारायचा मोह होईल. विचारा, पण 'उत्तर दे' म्हणू नका. 'माझी चूक कोणत्या पायरीवर आहे तेवढं सांग' म्हणा. तयार उत्तर चिकटवलं की असाइनमेंट पुढे सरकते आणि तुम्ही तिथेच राहता.

इंग्रजीचं सांगते. भाषा कच्ची आहे म्हणून कानाला जड जातं असं नाही. नवा विषय आणि नवा उच्चार एकदम आले की कुणाचंही तेच होतं. व्हिडिओखाली बहुतेक वेळा व्याख्यानाचा लिखित मजकूर असतो. तो आधी वाचून काढा, मग व्हिडिओ पाऊणपट वेगाने लावा. उपशीर्षकं चालू ठेवण्यात कमीपणा नाही. आणि टिपणं मराठीत काढा. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवता येतं, न समजताही. मराठीत मांडायला गेलं की समजलंय की नाही ते तिथल्या तिथे उघडं पडतं.

'मागे पडला आहात' वाले ईमेल बंद करा. ते यंत्र पाठवतं. त्याला तुमची महिनाअखेर माहीत नाही.

प्रमाणपत्राकडे येते. पैसे भरले की अभ्यास होतो, यात तथ्य आहे, पण तुम्ही धरता तेवढं नाही. वर म्हटलेल्या 'सायन्स'मधल्या अभ्यासात पैसे भरून प्रमाणपत्राच्या मार्गाला लागलेल्यांपैकी ४६ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. ३ टक्क्यांच्या पुढे हा आकडा डोळ्यांत भरतो. पण पैसे भरणारे मुळातच जास्त निश्चयाचे असतात, आणि तरीही निम्म्याहून अधिकांचे पैसे पाण्यात गेले. म्हणून आधी तीन असाइनमेंट फुकटात करून दाखवा, स्वतःलाच. मग पाकीट उघडा. काही ठिकाणी असाइनमेंट तपासून हव्या असतील तर पैसे भरावेच लागतात. तिथे पहिल्या दोन आठवड्यांत फी परत मिळते का ते वाचून घ्या.

किंमत असते का, हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. तुमच्या साहेबांना विचारा, बढतीच्या वेळी हे धरता का, फी कंपनी देते का? दोन्हीला 'नाही' असेल तर प्रमाणपत्र फक्त तुमच्या समाधानासाठी आहे. त्यातही गैर काही नाही, पण मग तसं समजून घ्या. मुलाखतीत मात्र प्रमाणपत्रापेक्षा 'उशिरा येणाऱ्या पैशांचा मी हा अभ्यास केला, त्यातून हे निघालं' हे सांगणं कितीतरी वजनदार. पदवीच्या तोडीचं काही हवं असेल तर तो मार्ग वेगळा आहे. जॉर्जिया टेकने २०१४ पासून कम्प्युटर सायन्सची मास्टर्स पदवी पूर्णपणे ऑनलाइन द्यायला सुरुवात केली आणि ती कॅम्पसच्या खर्चाच्या मानाने खूपच स्वस्त ठेवली. पण तिथे प्रवेश मिळवावा लागतो, परीक्षा असतात आणि मदतीला शिक्षक-सहायकांची फौज असते. म्हणजे जे काढून टाकलं होतं ते परत आणलं, तेव्हा कुठे ती पदवी उभी राहिली.

'फुकट' या शब्दावरही फार भिस्त ठेवू नका. एडएक्स ही हार्वर्ड आणि एमआयटीची ना-नफा संस्था होती. २०१८ च्या अखेरीपासून फुकट शिकणाऱ्यांसाठी मुदत आणि तपासणी यांवर मर्यादा आल्या, २०२१ मध्ये ती ८० कोटी डॉलरना टू-यू या कंपनीला विकली गेली आणि २०२४ मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कोर्स चालू असतानाच तुम्ही लिहिलेलं सगळं स्वतःच्या कम्प्युटरवर उतरवून ठेवा.

राहिला भाऊ. इथे मी जरा कठोर होणार आहे.

त्याने बहुतेक उलानबातरच्या मुलाची गोष्ट ऐकली असेल. एमआयटीच्या त्याच पहिल्या कोर्समध्ये मंगोलियातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि पुढे त्याला एमआयटीत प्रवेश मिळाला. गोष्ट खरी आहे. सांगताना मात्र अर्धीच सांगतात. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी शाळेतल्या मुलांचा गट करून हा कोर्स घ्यायला लावला आणि प्रत्यक्ष प्रयोग करून घ्यायला स्टॅनफर्डच्या एका संशोधक विद्यार्थ्याला उपकरणांसह बोलावून घेतलं. मुलगा हुशार होताच, पण एकटा नव्हता.

आता दुसरी गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर गणित आणि स्टॅटिस्टिक्सचे तीन कोर्स ऑनलाइन चालवले. विद्यार्थ्यांत आधी गणितात नापास झालेले होते, शाळकरी मुलंही होती. निकाल कॅम्पसवरच्या वर्गांपेक्षा इतके खाली गेले की प्रयोग काही महिन्यांतच थांबवावा लागला. त्याच उन्हाळ्यातल्या पुढच्या तुकडीचे निकाल बरेच सुधारले, पण त्या तुकडीत निम्म्याहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती. दहा संस्थांचं भाकीत करणाऱ्या थ्रुन यांनीच त्या वर्षअखेरीस आपलं उत्पादन सुमार असल्याचं एका मुलाखतीत म्हटलं. ज्याला एकट्याने शिकायची सवय आहे त्याला हे कोर्स दोन पावलं पुढे नेतात. ज्याला ती सवय अजून लागायची आहे त्याला ते एकटं सोडतात. नुकताच नापास झालेला मुलगा यांतला कोण, हे आईबाबांना सांगायला माझी गरज नाही.

पण त्याला नुसतं 'नाही' म्हणू नका. नापास का झाला, हे आधी कुणीतरी शांतपणे विचारलंय का? शिकवलेलं कळत नव्हतं, की वर्गातच जात नव्हता, की विषयच मनाविरुद्ध घेतलेला? शिकवलेलं कळत नसेल तर ऑनलाइन कोर्स त्याच्या फार उपयोगाचा आहे. तोच धडा दुसऱ्या प्राध्यापकाकडून, थांबवून, मागे नेऊन, हवा तितक्यांदा ऐकता येतो, आणि 'इतकंही कळत नाही?' असं कुणी म्हणत नाही. नापास झालेल्या दोनांपैकी एका विषयाचा कोर्स त्याने कॉलेज न सोडता, सहा आठवडे करावा. दर रविवारी सोडवलेली उदाहरणं तुम्हाला दाखवावीत. तुम्ही त्याला तुमची दाखवा. मात्र त्याच्यावर पहारेकरी होऊ नका. त्याने एखादा रविवार चुकवला तर एकदाच विचारा. सहा आठवड्यांनी कॉलेज सोडण्याचा विषय त्यालाच पुन्हा काढू द्या, तेव्हा बोलायला त्याच्याकडे आणि तुमच्याकडेही काहीतरी हातात असेल.

तोवर फेरपरीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख काय आहे ते आजच बघून घ्या आणि अर्ज भरायला लावा. ती तारीख कुठल्याही ऑनलाइन कोर्ससारखी पुढे सरकवून मिळत नाही.